डाव्या हाताचा नकाशा

काका, तुमच्या तेराव्याला मी बदलापूरला, मांजर्लीच्या तुमच्या घरी आले होते. चपला बाहेर काढल्या, काकूंच्या शेजारी दहा मिनिटं बसले, अर्धा कप चहा प्यायले आणि तुमच्या फोटोला नमस्कार न करताच उठले. चारचौघांनी ते पाहिलं. पाहू देत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं हे मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही जिवंत असताना आपण एकमेकांशी कधी धड बोललो नाही, मग आत्ताच ते नाटक कशाला?

फोटोही असा निवडलाय की मी आधी ओळखलंच नाही. कंपनीतल्या निरोप समारंभाचा असावा. टाय, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळेभोर केस. या साहेबांना मी कधी भेटलेले नाही. मला तुमची ओळख पटायला तुमचा डावा हात लागतो, कोपरापासून मनगटापर्यंतचा, आणि तोच नेमका टेबलाखाली गेलाय. तुमच्या मुलाने पाहुण्यांना सांगितलं, "या बाबांच्या डायलिसिसच्या सिस्टर, सुरेखा भोईर." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या माना का वळल्या ते मला चांगलं कळलं, पण त्याबद्दल पुढे बोलते.

पहिला दिवस आठवतो? आठवत असणारच, तुम्ही तो लेखी नोंदवला होता. आमच्या उल्हासनगरच्या सेंटरमध्ये तुम्ही शिरलात तेच मुळी नाकावर चष्मा सरकवून, सलाईनच्या बाटलीवरची तारीख वाचत. मी हात धुताना पाहिलंत आणि म्हणालात, "सिस्टर, हे बारा सेकंद झाले. भिंतीवर तुमच्याच कागदावर चाळीस लिहिलंय. परत धुवा." मी परत धुतले. बाकीच्या खुर्च्यांमधले पेशंट हसत होते. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत माल तपासून पास-नापास करण्यात तुमची हयात गेली, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की एक कटकट्या म्हातारा आपल्या नशिबी आलाय. मी चिडलेल्या हातानेच सुई घातली. हातातली धमनी शिरेला जोडून डॉक्टरांनी तुमच्यासाठी एक मोठी शीर तयार केली होती, ती अजून कोवळी होती. सुई आरपार गेली आणि दोन मिनिटांत तुमचा हात लिंबाएवढा फुगला.

तुम्ही ओरडला नाहीत. पांढरे पडलात. बर्फ लावून घेतलात, तक्रारवही मागितलीत आणि उजव्या हाताने पानभर लिहिलंत, एक, दोन, तीन असे आकडे घालून. तिसरा मुद्दा मला अजून पाठ आहे. 'सदर परिचारिकेचे लक्ष रुग्णाच्या हातापेक्षा स्वतःच्या रागाकडे अधिक होते.' खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. मी डॉक्टरांना सांगून टाकलं की या माणसाला मी पुन्हा हात लावणार नाही. पुढच्या वेळी दुसरी सिस्टर ट्रे घेऊन तुमच्याकडे आली तर तुम्ही तिला हातानेच थांबवलंत.

"ती कुठाय? परवाची?"

मी पडद्याआडून पुढे आले.

"आमच्या प्लँटमध्ये एक नियम होता," तुम्ही म्हणालात. "ज्याने चूक केली त्यानेच ती सुधारायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नाहीतर चूक करणारा शिकतच नाही. बसा. घाला."

"आणि परत फुगला तर?"

"तर परत लिहीन."

घातली. नीट गेली. तुम्ही 'छान' म्हणाला नाहीत, आभार मानले नाहीत, पेपर उघडलात. त्या दिवसापासून तुमचा डावा हात माझ्या नावावर चढला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेआठ ते साडेबारा, खिडकीजवळची चार नंबरची खुर्ची. चार वर्षं.

तुम्ही कुणालाच सोडलं नाहीत. त्या वजनकाट्याला तरी सोडायचं होतंत. आमच्याकडे येणाऱ्याचं आधी वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते त्यावरून कळतं आणि तेवढंच मशीनने काढायचं असतं. एका शनिवारी तुम्ही कापडी पिशवीतून पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन आलात, सरकारी शिक्क्याचं. बदलापूरच्या कुठल्या दुकानदाराच्या मागे लागून आणलंत कोण जाणे. सगळ्यांसमोर ते काट्यावर ठेवलंत. काट्याने पाच किलो तीनशे दाखवले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांचं पाणी जास्त ओढताय," तुम्ही जाहीर केलंत. पाच नंबरच्या खुर्चीतून लाजवंती आंटी किंचाळल्या, "तभी तो! महिनाभर माझ्या पायात गोळे येतात आणि ही बोलते, आंटी केळं खाल्लं असणार तुम्ही!" 'ही' म्हणजे मी. काटा त्याच दिवशी दुरुस्तीला गेला. तुम्ही बरोबर होतात, नेहमीसारखे, आणि ते चेहऱ्यावर दाखवायची तुमची हौस काही फिटत नव्हती. वजन मात्र परत नेलं नाहीत. ते अजून काट्याच्या बाजूला आहे, मी रोज त्याला ठेचकाळते.

तुमच्याबद्दलची एक गोष्ट मला दुसऱ्याच आठवड्यात कळली होती. तुम्हाला ती मी कधी सांगितली नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. सुई घालायच्या आधी मी तुमच्या मनगटावर बोटं ठेवायची तेव्हा नाडी एकशेवीसने धावत असायची. चेहरा साहेबाचा, आवाज साहेबाचा आणि बोटाखाली मात्र घाबरलेलं पोर. पहिल्या दिवशी हात फुगला ती भीती तुमच्या अंगात शिरली ती शिरलीच. तुम्ही घाबरलात की हात दगड व्हायचा, शीर आत लपायची आणि मग माझ्या कपाळावर घाम. आठ-दहा दिवस असं चाललं. मग एकदा भिंतीवरच्या टीव्हीवर कुठलं चॅनल लावायचं यावरून आपली जुंपली. तुम्ही तावातावाने मला ऐकवत होतात आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हात सैल पडलाय. मी सुई सरकवली. तुम्हाला कळलंही नाही. तुम्ही वाक्य पुरं केलंत.

तेव्हापासून मी रोज भांडण काढू लागले. बर्फावरून काढलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून घसा ओला करायला मी तुम्हाला बर्फाचे दोन तुकडे द्यायची, तुम्हाला तीन हवे असायचे. पेपरातल्या बातम्यांवरून काढलं. माझ्या मुलीला सायन्सला घालायचं की कॉमर्सला यावरून तर तीन आठवडे पुरलं. आणि एकदा मी जमिनीचं काढलं. आमची आगऱ्यांची भातशेतं गेली त्यावर तुमच्यासारख्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या, असं मी म्हटलं. तुम्ही उसळलात. "आम्ही तुम्हाला नोकऱ्या दिल्या!" मी म्हटलं, "दिल्या ना. माझ्या वडलांना गेटवर वॉचमन केलंत, त्यांच्याच शेताच्या गेटवर." दर वेळच्या दोन सुयांपैकी पहिली नोकऱ्यांवर गेली, दुसरी मोबदल्यावर. पण त्या दिवशी मी नुसतं सुईसाठी भांडले नव्हते, काका. ते खरं होतं. तुम्ही मला म्हणालात, "पैसे घेतलेत तेव्हा गोड लागले." त्या वाक्याचा राग माझ्या मनात अजून तसाच आहे. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, योग्य दिवस बघून द्यायचं होतं. आता कुणाला देऊ?

आपलं हे भांडणाचं तंत्र तुम्हाला ठाऊक होतं का, हा प्रश्न मला पडायचा. मग एका गुरुवारी तुम्ही खुर्चीत बसलात, बाही वर केलीत आणि पेपरची घडी घालता घालता पुटपुटलात, "आज कशावरून?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. तुम्हीही परत विचारलं नाहीत. माझ्या नोकरीत लोक हात जोडतात, रडतात, पोटाशी धरतात, बरे होऊन घरी गेले की पेढे पाठवतात. त्या सगळ्यांपेक्षा तुमचे ते दोन शब्द मला जवळचे वाटले होते. हे मी तुम्हाला तुम्ही मेल्यावर सांगते आहे, कारण जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही त्यातही चूक काढली असती.

आणि नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं तो दिवस! तुमच्या सोसायटीचा तळमजला पाण्यात, रस्ता कुठला नि गटार कुठलं कळत नव्हतं, गाड्या बंद. मी अंबरनाथ पश्चिमेहून कशीबशी सेंटरला पोचले होते आणि तुमची खुर्ची आज रिकामी राहणार हे धरूनच चालले होते. साडेदहाला तुम्ही दारात उभे. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डावा हात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर धरलेला. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून पाण्यातून बाहेर पडलात आणि पुढे रिक्षा बदलत आलात. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणालात, "घराभोवती कमरेइतकं पाणी आणि मला प्यायला दिवसाला तीन ग्लास. कुणाकडे तक्रार करू?" मी हसले. तुम्हीही हसलात. मला वाटतं, आपण दोघं एकदम हसलो तो तेवढा एकच दिवस.

म्हणूनच माझं डोकं फिरतं. पुरातून ट्रॅक्टरवर बसून येणारा माणूस कोरड्या रस्त्याने येऊन एका मुलीची सुई नाकारून परत जातो!

चार वर्षांत मी पाच दिवस सुट्टी मागितली. सोमवार ते शुक्रवार. नर्सिंगच्या वर्गातल्या आम्ही पाच जणी, गणपतीपुळ्याला जायचं कधीपासून ठरवत होतो. तुम्हाला महिनाभर आधी सांगितलं. तुम्ही पेपरमधून मान वर न करता म्हणालात, "जा. तुमचा हक्क आहे." मी सांगितलं, रिया घालेल सुई. रिया आमच्याकडे नवीन, उल्हासनगरच्याच सिंधी घरातली. हात हलका, आवाज त्याहून हलका. तुम्ही म्हणालात, "माझा हात म्हणजे तुमची शाळा नाही." मी म्हटलं, "मग काय मी मेल्यावर माझा हात कापून ठेवू तुमच्यासाठी?" हा वाद तिथेच अर्धा राहिला. सुया मात्र दोन्ही गेल्या.

शनिवारी निघताना मी रियासाठी तुमच्या हाताचा नकाशा काढला. फाइलच्या पुठ्ठ्यावर, मार्करने, मोठा. कोपर इथे, मनगट इथे, कोपराखाली चार बोटांवर पहिली सुई, तिथून सहा बोटांवर दुसरी. फार उभी धरायची नाही. खालच्या अंगाला जुना व्रण आहे, तिथे जायचं नाही. सुई काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरायचं, घाई करायची नाही. तुम्ही तो नकाशा मागून घेतलात, वाचलात आणि म्हणालात, "चार बोटं कुणाची? तुमची की तिची? सेंटिमीटरमध्ये लिहा." मी खोडून सेंटिमीटर लिहिले. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, पास झालं.

मंगळवारी दुपारी काकूंचा फोन आला. मी वाळूत बसले होते, केस ओले, हातात मक्याचं कणीस. "सुरेखा, हे परत आले गं. सुई घालूच दिली नाही. डॉक्टरही बोलले, ऐकत नाहीत." मी म्हटलं, द्या त्यांना. तुम्ही फोन घेतलात.

"काका, ही काय नाटकं? आत्ताच्या आत्ता रिक्षात बसा आणि जा परत."

"शनिवारी येणार ना तुम्ही?"

"येणार. पण तोवर दोन वेळा बुडतील तुमच्या. कळतंय का काही?"

"मग शनिवारी बघू."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "मी तुमची बांधील नाही, काका. मरायचं असेल तर खुशाल मरा, माझी सुट्टी कशाला खराब करता?" मैत्रिणी माझ्याकडे बघत राहिल्या. तुम्ही म्हणालात, "हळू बोला, लोक ऐकतायत," आणि फोन ठेवलात. मी रोजच्यासारखं भांडले होते. फक्त हातात सुई नव्हती आणि बोटाखाली तुमची नाडी नव्हती.

गुरुवारी काकूंनी रिक्षा फाटकापर्यंत आणली, तुम्ही गॅलरीतून हलला नाहीत. डॉक्टरांनी स्वतः फोन केला, दम दिला. मी दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. शुक्रवारी सकाळी तुमच्या छातीत पाणी भरलं, दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलात, पुढे नाही. आमची गाडी पनवेलच्या आसपास होती. काकूंचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी फोन उचलायच्या आधीच ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

तर तेराव्याला त्या माना अशासाठी वळल्या. तुमचा मुलगा पुण्याहून महिन्यातून एकदा यायचा, तासभर बसायचा आणि टीव्ही बघून जायचा. त्याने मला चहा दिला आणि सरळ म्हणाला, "सिस्टर, तुम्ही ते पाच दिवस गेला नसतात तर बाबा आज असते." माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. 'स्वतःच्या बापाची नाडी तरी कधी बघितलीत का,' असं त्याला विचारायचं आलं होतं. मी कप खाली ठेवला आणि उठले. नमस्कार राहिला तो त्यामुळे नाही. तो मला करायचाच नव्हता.

काकू फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्याचं मनावर घेऊ नकोस. सुईच्या दिवशी सकाळी यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चार वर्षं हेच. बाहेर मात्र साहेब." मी म्हटलं, "माहीत होतं मला." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं यांनी?" नाही, काका. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मी तुम्हाला. दोघांना माहीत आणि दोघं गप्प.

घरी आल्यावरही मी धुमसत होते. भांडी आपटत होते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मेलेल्या मानसाशी काय भांडतेस गो?" मी म्हटलं, जिवंतपणी पुरं झालं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर रियाला बाजूला घेतलं. ती दोन आठवडे माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी विचारलं, त्या मंगळवारी नेमकं काय झालं ते सांग, अगदी पहिल्यापासून. तिने सांगितलं. तुम्ही आलात, वजन केलंत, चार नंबरला बसलात, बाही वर केलीत. म्हणजे तुम्ही तयार होतात! तिने नकाशा समोर ठेवला, पट्टीने माप घेतलं, मग मनगटावर बोटं ठेवली.

"दीदी, पल्स बहुत फास्ट होता. हात एकदम टाइट. तो मैंने बस इतना बोला, 'अंकल, डरो मत, मैं धीरे से करूंगी.' प्यार से बोला, दीदी, कसम से. अंकल ने मेरे को देखा, बाही खाली केली आणि उठले. बोले, शनिवारी येतो."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. डरो मत. पाचही खुर्च्यांना ऐकू जाईल असं कुणीतरी तुम्हाला म्हणालं, घाबरू नका. चार वर्षं आपण दोघांनी मिळून जे झाकलं होतं ते त्या पोरीने मायेने उघडं केलं. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला सेंटिमीटर लिहून दिले, जुना व्रण लिहून दिला, किती दाबायचं ते लिहून दिलं. 'आधी भांडण काढ, मग सुई घाल' हे लिहिलं नाही. कारण तुम्ही तो कागद वाचणार होतात. तुम्ही सगळंच वाचता. ते वाक्य लिहिलं असतं तर खाली लिहावं लागलं असतं, का.

तोंडाने तरी सांगायचं होतं तिला. निघायच्या आधी दोन मिनिटं काढून, पडद्यामागे नेऊन. नाही सांगितलं. आणि विसरले असंही म्हणता येत नाही मला. तुमचा हात फक्त माझ्याकडून सुई घेतो, याचा मला मनातून माज होता, काका. नवे पेशंट आले की मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पाटणकर काका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत." तुमच्या नावाने कुरकुरायची आणि कुरकुरताना आतून फुलायची. ती गुरुकिल्ली मला माझ्यापाशीच हवी होती. तुमच्या मुलाने मला जे ऐकवलं ते चुकीचं होतं. मी पाच दिवस सुट्टीवर गेले ही माझी चूक नव्हती. खरी चूक त्याला ठाऊकच नाही, नाहीतर त्याने ती ऐकवली असती.

पण तुम्हीही काही कमी नाही. साठी उलटलेला माणूस, एवढा हुशार, लोखंडी वजन घेऊन काटा तपासणारा. एक कोवळी पोर खरं बोलली म्हणून उठून गेलात! दोन शब्द होते ते. ते ऐकून घेतले असतेत तर काय झालं असतं? पाचही खुर्च्यांमधले पाचही जण घाबरतात, सुई बघून कोण घाबरत नाही? लाजवंती आंटी मोठमोठ्याने जप करतात. दोन नंबरचे गुप्ताजी डोळे मिटून बायकोचा पदर धरतात. सगळ्यांसमोर. कुणी मेलं नाही त्याने. मेलात तुम्ही, झाकून ठेवून. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

गेल्या गुरुवारची गोष्ट सांगते आणि थांबते. लाजवंती आंटींना सुई घालायची होती. आंटींना पहिल्यापासून माझाच हात लागतो, तुमच्या नादाने त्याही बिघडल्यात. मी ट्रे रियाच्या हातात दिला. आंटींनी तोंड वाकडं केलं. मी रियाचं बोट त्यांच्या शिरेवर ठेवलं, आत रक्त कसं थरथरत वाहतं ते तिला जाणवेपर्यंत धरून ठेवलं आणि बाजूला झाले. तिने घातली. चुकली. थोडं सुजलं, आंटींनी सेंटर डोक्यावर घेतलं. "सुरेखा, तू लगा! इसको हटा! ये बच्ची मेरे को मार डालेगी!" रियाने ट्रे माझ्यापुढे केला.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि माझ्या तोंडून गेलं, "नाही. जिने चूक केली तिनेच सुधारायची."

तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. मला स्वतःचाच राग आला. बर्फ लावला, दहा मिनिटं थांबलो. मधल्या वेळात मी रियाच्या कानात आंटींची गुरुकिल्ली सांगितली, जी मी तिला सहा महिन्यांपूर्वीच सांगायला हवी होती. रियाने दुसरी सुई उचलली, एक श्वास घेतला आणि त्या तिच्या हलक्या आवाजात म्हणाली, "आंटी, एक बोलूं? मम्मी बोलती है, आपकी साई भाजी में पालक कम होता है."

"क्या? मेरी साई भाजी में?" आंटी खुर्चीतून निम्म्या उठल्या. "तेरी मां को बोल, मेरे घर आके सीखे! बयालीस साल से बना रही हूं! पालक कम?" आणि नळीत लाल रक्त चढलं. आंटी त्या सिंधी भाजीत डाळ किती, आंबट चुका किती, पालक किती ते सांगतच होत्या. रियाने पट्टी लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे बघत उभी राहिले, कारण मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

चार नंबरची खुर्ची अजून रिकामी आहे. पुढच्या आठवड्यात नवीन माणूस येतोय. मला एवढंच राहून राहून वाटतं, काका, की चार वर्षांत एकदा तरी, निदान त्या शेवटच्या शनिवारी, तुमच्या मनगटावर बोटं असताना मी सरळ म्हणायला हवं होतं, तुम्ही घाबरता हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही भडकला असतात. कोण घाबरतं म्हणून ओरडला असतात, तक्रारवही मागितली असतीत, सगळं सेंटर डोक्यावर घेतलं असतंत. आणि तेवढ्यात रियाने सुई घातली असती.